गव्हर्नरचा शेरा आणि आमचा अर्ज

१

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीत, चौदा एप्रिलच्या भाषणाची तयारी करताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, इंग्रज आले म्हणून आपण शिकलो ना? मग पुस्तकात त्यांना लुटारू का म्हटलंय?" तिच्या वहीत भाषणाचे पहिले वाक्य लिहून झाले होते. इंग्रज सरकारने आपल्याला शाळेचे दार उघडून दिले, अशा अर्थाचे ते वाक्य होते. ते तिने वस्तीत ऐकले होते. लुटारू हा शब्द तिने शाळेत वाचला होता. दोन्ही ठिकाणी तिचा विश्वास होता आणि दोन्ही ठिकाणची माणसे एकमेकांच्या विरुद्ध बोलत होती.

तिला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. तिच्यासारखी मुले दर वर्षी व्यासपीठावर उभी राहतात आणि आपण त्यांच्या हातात या दोनपैकी एक वाक्य देतो. एका वाक्यात गव्हर्नर दाता आहे, दुसऱ्यात तो दरोडेखोर आहे. पण दोन्ही वाक्यांत कर्ता तोच आहे. आपण कर्मही नाही. आपण नुसते प्रेक्षक आहोत. ज्या इतिहासात आपण काही करीतच नाही, तो इतिहास आपल्या बाजूने लिहिला काय आणि विरुद्ध लिहिला काय, सारखाच निरुपयोगी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ब्रिटिश अमदानीत दलितांना जे मिळाले ते गव्हर्नरांच्या औदार्यातून मिळाले नाही. आणि जे नाकारले गेले ते केवळ सनातन्यांच्या हट्टामुळे नाकारले गेले नाही. बरेचसे मिळाले ते अर्जाने, आणि नाकारले गेले ते शेऱ्याने. म्हणून या कालखंडाची चिकित्सा करायची तर गव्हर्नरांची चरित्रे बाजूला ठेवून अर्ज आणि त्यावरचा शेरा हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

२

पहिला शेरा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा. १८१९ ते १८२७ हा मुंबईचा गव्हर्नर. मराठी पांढरपेशा इतिहासलेखनाने याच्यावर जितका लोभ केला तितका दुसऱ्या कुठल्या साहेबावर केला नसेल. शहाणा, सभ्य, पुण्याच्या मनाचा ठाव असलेला, जुन्या संस्था एकदम न मोडणारा, असे त्याचे चित्र आहे. ते खोटे नाही. प्रश्न एवढाच की त्याने न मोडलेल्या जुन्या संस्था कोणाच्या होत्या?

पेशवाई १८१८ साली बुडाली. १८२१ साली पुण्यात सरकारी खर्चाने संस्कृत पाठशाळा उघडली गेली. पेशव्यांच्या दक्षिणेचा ओघ नव्या सरकारनेही पुरता आटू दिला नाही. जिंकलेल्या मुलखातल्या विद्वान वर्गाला दुखवू नये, हे त्यामागचे धोरण होते. राज्य चालवणाऱ्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण त्याच गव्हर्नरने १८२३ साली शिक्षणावर एक टिपण लिहिले. त्यात खालच्या जातींच्या शिक्षणाचा विषय निघाला. मिशनऱ्यांचा अनुभव असा की खालच्या जातींची मुले उत्तम शिकतात. एल्फिन्स्टन हे नाकारत नाही. तो म्हणतो ते असे: या लोकांना खास उत्तेजन देताना जपले पाहिजे; कारण ते समाजात सर्वांत तिरस्कृत आहेत, संख्येनेही थोडे आहेत, आणि आपली शिक्षणपद्धती आधी त्यांच्यात रुजली तर ती त्यांच्यापलीकडे कधी पसरणारच नाही.

या टिपणाचा युक्तिवाद सावकाश वाचावा. मूल शिकण्यास लायक नाही असे यात कुठेही म्हटलेले नाही. उलट ते लायक आहे हे मान्य करूनच त्याला मागे ठेवले आहे. धर्मशास्त्राने आम्हाला अपात्र ठरवून दाराबाहेर ठेवले. एल्फिन्स्टनने पात्र ठरवून दाराबाहेर ठेवले. हा नवा प्रकार होता. आणि "संख्येने थोडे" हे त्याने कशावरून ठरवले? मुंबई इलाख्याची रीतसर खानेसुमारी अजून झाली नव्हती. ती १८७२ ची. ज्यांची मोजदाद झाली नव्हती त्यांना थोडे म्हणून वगळले गेले.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या ज्या पलटणीने पेशव्यांच्या फौजेला तोंड दिले तिच्यात महार शिपाई होते. तिथल्या खांबावर कोरलेल्या नावांत शेवटी "नाक" असलेली नावे आहेत. राज्य मिळवताना ही माणसे चालली. राज्य मिळाल्यावर पाच-सहा वर्षांत, त्याच माणसांच्या मुलांना पाटी द्यायची की नाही यावर सावधगिरीचे टिपण लिहिले गेले. एल्फिन्स्टन दुष्ट होता असे मी म्हणत नाही. तो फार हुशार होता, आणि कोणाला दुखवल्याने राज्याला धोका आहे व कोणाला दुखवल्याने नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते.

हे टिपण आपल्यापर्यंत कसे आले? कोणा इतिहासाचार्याने ते आपल्यासमोर ठेवले नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले गेले, त्यात बाबासाहेबांनी ते टिपण बाहेर काढून ठेवले. एल्फिन्स्टनचा शेरा शंभर वर्षांनी एका अर्जात पुरावा म्हणून दाखल झाला. सरकारचाच कागद सरकारपुढे टाकायचा, ही आपल्या परंपरेतली इतिहासलेखनाची खरी पद्धत आहे.

३

दुसरा शेरा १८५६ चा. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन होता, पहिल्या एल्फिन्स्टनचा पुतण्या. त्या वर्षी जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने अर्ज आला. इतिहास त्याला धारवाडचा महार मुलगा एवढेच म्हणतो. जुलैत सरकारचा ठराव झाला. त्याचे तीन भाग आहेत, आणि ते मी माझ्या शब्दांत देतो.

पहिला भाग: प्रश्न व्यवहारात फार अवघड आहे, तत्त्व म्हणून पाहिले तर न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे यात शंका नाही, आणि त्याच्या वाटेतले पूर्वग्रह लवकरच दूर होतील असा सरकारला भरवसा वाटतो. दुसरा भाग: पण एक-दोन व्यक्तींसाठी युगानुयुगांच्या समजुतींना एकदम धक्का दिला तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल. तिसरा भाग: अर्जदाराला जी अडचण सोसावी लागते ती या सरकारने निर्माण केलेली नाही, आणि त्याच्या बाजूने पडून ती झटकन दूर करणे सरकारला शक्य नाही.

न्याय तुझा, वेळ चुकीची, दोष दुसऱ्याचा. मी वाङ्मयाचा विद्यार्थी आहे आणि मला हा ठराव एक वाङ्मयप्रकार म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. त्यात शिवी नाही, तुच्छता नाही, विटाळाचा शब्द नाही. उलट सहानुभूती आहे. आणि ती सहानुभूतीच नकाराचे हत्यार आहे. विरोध करणाऱ्याशी भांडता येते. "तुमचे बरोबर आहे" म्हणून दार लावून घेणाऱ्याशी कसे भांडायचे? आणि ज्या पूर्वग्रहांची एवढी काळजी घेतली ते पूर्वग्रह ठरावात असे येतात, जणू ते पावसाळ्यासारखे आपोआप येतात आणि आपोआप जातील. ते कोणी पाळतो, त्यातून कोणाचा फायदा होतो, हे कुठेच नाही. अत्याचार आहे पण अत्याचारी नाही, अशी ही भाषा आहे.

हा कागद तिथेच थांबला नाही. १८५७ च्या आरंभी कलकत्त्याच्या सरकारने मुंबई सरकारला कळवले की तुम्ही कदाचित शहाणपणाने वागला असाल, पण बंगालमध्ये कुठल्याही सरकारी शाळेत या मुलाला नकार मिळाला नसता. १८५८ साली लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सांगितले की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत, हे तत्त्व सोडता येणार नाही. म्हणजे एका मुलाच्या अर्जाने मुंबई, कलकत्ता आणि लंडन अशा तीन ठिकाणच्या साहेबांना लेखणी उचलायला लावली. ब्रिटिश राज्यातले "सर्वांना शाळा खुली" हे तत्त्व आपण लंडनचे देणे म्हणून मिरवतो. ते देणे नव्हे. ते धारवाडच्या मुलाने वसूल केले. फक्त वसुली त्याच्या हातात पडली नाही.

कारण तत्त्व कागदावर आले आणि शाळेत आले नाही. पोफळीहून घाट चढून पुढे गेले की सातारा जिल्हा लागतो. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दाखल्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव पडले. दाखल्यात नाव होते. बसायला घरून आणलेले तरटाचे आसन होते, तेही इतरांपासून वेगळे. १८५८ चे पत्र आणि १९०० चे तरट यांत बेचाळीस वर्षे आहेत. ब्रिटिश शैक्षणिक धोरणाचे मूल्यमापन ज्याला करायचे असेल त्याने या बेचाळीस वर्षांचे करावे.

४

आता आमच्या रत्नागिरी जिल्ह्याकडे येतो. इथे एक वेगळाच विरोधाभास दिसतो.

रूढीत हात घालायचा नाही, असे सरकारने धारवाडच्या मुलाला सांगितले. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतही जातीच्या प्रश्नात दिवाणी न्यायालयांनी पडू नये असेच कलम होते. हे धोरण सगळीकडे सारखे लागू असते तर निदान प्रामाणिक म्हणता आले असते. पण जिथे सारा वसूल करायचा आणि गावगाडा फुकटात चालवायचा, तिथे सरकारने रूढीत मनगटापर्यंत हात घातला आणि तिला कायद्याचे रूप दिले. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरेच्या हुद्द्यांची चौकट पक्की केली. महाराने वतनाच्या तुकड्याच्या आणि बलुत्याच्या बदल्यात गावची आणि सरकारची चाकरी करायची, ही पद्धत साहेबाच्या कचेरीला सोयीची होती. टपाल पोचवणारा, साहेबाच्या मुक्कामाची व्यवस्था करणारा, रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारा माणूस इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळाला नसता. कोकणात १८८० च्या खोती कायद्याने खोताच्या हक्कांवर सरकारी शिक्का बसला. कुणबी आणि महार कुळे खोताच्या अंगणात हात जोडून उभी राहत होती. या कायद्यानंतरही त्यांचे हात सुटले नाहीत.

तेव्हा "हस्तक्षेप नको" हे ब्रिटिशांचे धोरण होते हे विधानच चुकीचे आहे. हस्तक्षेप होता. तो कोणाच्या बाजूने करायचा याची निवड होती.

याच्या खुणा आपल्या साहित्यात पाहाव्यात. दया पवारांच्या आत्मकथनाचे नाव "बलुतं" (१९७८). शंकरराव खरातांच्या आत्मकथनाचे नाव "तराळ-अंतराळ" (१९८१). दोन्ही नावे गावकीच्या चाकरीतून आली आहेत. समीक्षकांनी या पुस्तकांत गावगाड्याचे क्रौर्य पाहिले, भाषेचा जिवंतपणा पाहिला. ते योग्यच आहे. पण गावगाडा म्हणजे काही अनादी काळापासून जसाच्या तसा चालत आलेला दगड नव्हे. तो दीडशे वर्षे सरकारी दप्तरात तेलपाणी करून ठेवलेला गाडा होता. बलुतं हा शब्द जितका हिंदू धर्माचा आहे तितकाच मुंबई सरकारच्या महसूल खात्याचा आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले ते याच १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी. ते वतन गेले १९५८ च्या कायद्याने, स्वराज्य आल्यावर अकरा वर्षांनी. आपल्या दलित साहित्याच्या समीक्षेने हा धागा फार कमी हाताळला आहे.

रत्नागिरीच्या अर्जदारांचे स्मरण इथे केले पाहिजे. दापोली हे एकेकाळचे लष्करी ठाणे. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेली महार-चांभार कुटुंबे तिथे वस्ती करून होती. पलटणीत त्यांनी अक्षर पाहिले होते, हुद्दे मिळवले होते. आपली मुले नगरपालिकेच्या शाळेत घ्यावीत म्हणून १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांनी अर्ज केले, आणि मुलांच्या वाट्याला शाळेचा व्हरांडा आला. त्याच दापोलीत महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर पेन्शनीवर येऊन राहिले. त्यांनी १८८८ साली "विटाळ विध्वंसन" ही प्रश्नांची पुस्तिका काढली, अनार्य दोष परिहारक मंडळ उभे केले. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ साली भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला तो याच मंडळाने. पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी सासवडला सभा घेऊन दीड हजारांवर सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे पाठवला आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली.

या अर्जांची भाषा नम्र आहे. "आपले आज्ञाधारक सेवक" असा त्यांचा थाट आहे. आजच्या तरुणाला ती भाषा लाचार वाटते. मलाही विद्यार्थी असताना वाटली होती. आता वाटत नाही. अर्जाची भाषा अर्जाच्या नमुन्याची असते; अर्जदाराची मागणी पाहावी. ज्यांच्या बापजाद्यांना सावलीचाही हिशेब द्यावा लागत होता, ते हिशेब मागायला लागले होते. आमच्या पलटणींनी तुमच्यासाठी काय केले ते तुमच्याच कागदांत आहे, मग आता भरती बंद का, असा तो सवाल होता.

५

पुढचा प्रसंग पाण्याचा. पोफळीत राहणाऱ्याला पाण्याची ताकद सांगावी लागत नाही. घाटमाथ्यावरचे कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून इथे उतरते, वीज करते आणि वाशिष्ठीला जाऊन मिळते. १९६२ पासून हे चालू आहे. ब्रिटिश अमदानीतही धरणे झाली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली झाले, त्याला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव. त्याच दशकात भाटघरला मोठे धरण झाले, त्याला आधीचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे नाव दिले गेले.

ही दोन नावे लक्षात ठेवावीत. कारण ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडून संमत करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सप्टेंबरात सरकारने तो अमलात आणण्याचे परिपत्रक काढले. तेव्हा लॉईड गव्हर्नर होते. १९२६ साली बोल्यांना पुन्हा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका हे पाळत नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. तेव्हा विल्सन गव्हर्नर होते. मग मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. हे तळे कागदावर १९२४ सालीच खुले झाले होते.

जे सरकार सह्याद्रीच्या कुशीत भिंत घालून नद्या अडवू शकत होते, त्याला एका तालुक्याच्या गावच्या नगरपालिकेकडून स्वतःचे परिपत्रक पाळून घेता आले नाही. ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने आपला तळे खुले करणारा ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहाच्या ऐन तोंडावर दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे. याला काही लोक कायद्याचे राज्य म्हणतात. ते होते हेही खरे, कारण निकाल शेवटी आपल्या बाजूने लागला. पण तो लागला तो दहा वर्षे लढणाऱ्याच्या चिवटपणाने, धरणांवर नावे लागलेल्या साहेबांच्या कृपेने नव्हे.

खोतीचेही तसेच. एप्रिल १९२९ मध्ये आमच्याच तालुक्याच्या गावी, चिपळूणला, बाबासाहेब परिषदेसाठी आले आणि खोतीविरुद्ध बोलले. १९३७ साली त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. त्यात महार होते तसे कुणबी होते. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. इथेही क्रम तोच: आधी माणसे, मग कागद.

६

आता दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप नेहमीचा. दलितांनी इंग्रजांविषयी कृतज्ञता दाखवली, कोरेगावच्या खांबापुढे माना लववल्या, म्हणजे ते राष्ट्रीय प्रवाहाबाहेरचे. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की १८८५ साली पुण्यात टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढले त्याला नाव कोणाचे दिले? सर जेम्स फर्ग्युसन हा मुंबईचा गव्हर्नर होता. एल्फिन्स्टन जायला निघाला तेव्हा मुंबईच्या प्रतिष्ठितांनी वर्गणी जमवली आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज झाले. तिथे कृतज्ञता दाखवली की ती ज्ञाननिष्ठा. आणि आम्ही खांबावरच्या आमच्याच माणसांच्या नावांना वंदन केले की ती गुलामी. आम्ही वंदन करतो ते खांब उभारणाऱ्याला नव्हे, खांबावर कोरलेल्यांना.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि अधिक गंभीर आहे. कोणी म्हणेल, पेशवाईत अर्ज तरी करता आला असता का? अर्ज करायला कचेरी इंग्रजांनीच दिली ना? मग महात्मा फुल्यांनी इंग्रजांचे आभार मानले, १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईने ज्ञानोदयात लिहिताना पेशवाईशी तुलना करून नव्या राज्याला बरे म्हटले, ते काय चुकले?

अजिबात चुकले नाही. कचेरी आली ही फार मोठी गोष्ट होती, आणि ती लहान करून दाखवणे हा जुन्या पेशवाईच्या चाहत्यांचा उद्योग आहे. पण कचेरीचे दार आणि साहेबाचे मन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. फुल्यांनी तसे केले. त्यांनीच १८८२ साली हंटर कमिशनपुढे सरकारला सुनावले, की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जाती. महार-मांगांची मुले सरकारी शाळांबाहेरच आहेत. बाबासाहेबांनी १९३० साली लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत इंग्रजांसमोर विचारले, की तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते. तुम्ही आल्यावर त्यातले काय बदलले? आपल्या परंपरेतली कृतज्ञता ही अशी होती. ती हिशेबाची होती, भक्तीची नव्हती. पुढच्या पिढ्यांच्या भाषणांत तिचे मायबाप सरकार झाले, आणि हिशेबाची वही हरवली.

ती वही हरवल्याचा तोटा इतिहासापुरता नाही. जो समाज "आपल्याला दिले गेले" असे शिकतो, तो "आपल्याकडून काढून घेतले" तेव्हा फक्त दुःखी होतो. जो समाज "आपण मिळवले" असे शिकतो, तो पुन्हा अर्ज लिहायला बसतो. शिष्यवृत्ती, आरक्षित जागा, जमिनीचा सातबारा, हे सगळे उद्या कोणी गव्हर्नरच्या थाटात "अवघड प्रश्न आहे" म्हणून बाजूला ठेवले, तर आपण कोणत्या भाषेत बोलणार?

७

हे मी उगीच म्हणत नाही. धारवाडच्या ठरावाची भाषा गव्हर्नरांबरोबर बोटीत बसून गेली नाही. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्या प्रत्येकाला दोन शब्द माहीत असतात: "तत्त्वतः मान्य". न्याय तुझा, वेळ चुकीची, दोष दुसऱ्याचा, हे तिन्ही भाग त्या दोन शब्दांत बसतात. कोयनेच्या धरणात ज्यांची घरे-शेते गेली त्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी या शतकातही आंदोलने करावी लागली. त्या पाण्याच्या विजेवर मुंबई उजळली, आणि धरणग्रस्तांचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिले. मुंबईतल्या स्टेशनाचे एल्फिन्स्टन हे नाव २०१८ साली बदलले. पाटी बदलणे सोपे असते. शेरा मारण्याची पद्धत बदलायला अर्जदार संघटित असावा लागतो.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. गव्हर्नरांच्या याद्या आणि सनावळ्या पाठ करून घेण्याचे पुरे झाले. आपल्या वस्तीत जुन्या पेट्या आहेत. त्यांत आजोबा-पणजोबांची पेन्शनची पुस्तके असतील, वतनाचे कागद असतील, खोताच्या पावत्या असतील, कोणीतरी लिहवून घेतलेला आणि उत्तर न आलेला एखादा अर्ज असेल. ती पोरांना उघडून दाखवा. त्या कागदावर सही आहे की अंगठा, मागणी काय आहे, उत्तर काय आले, हे त्यांना लिहून काढू द्या. रत्नागिरी जिल्ह्यातला दलितांचा इतिहास अशाच कागदांतून लिहिला जाईल. तो आपल्याशिवाय कोणी लिहिणार नाही, आणि वाळवी आपल्यासाठी थांबणार नाही.

विद्यार्थिनीला मी हे सगळे सांगितले, थोडे कमी शब्दांत. तिने वहीतले पहिले वाक्य खोडले. दाराचे वाक्य गेले, लुटारूंचेही तिने घेतले नाही. तिचे भाषण आता असे सुरू होते: "१८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने शाळेत बसायला मिळावं म्हणून अर्ज केला."